डेन्मार्क पाहून आलेले हेडमास्तर

आमचे हेडमास्तर बोटीनं डेन्मार्कला जाऊन, चार महिने तिथल्या शाळा पाहून रनाळ्याला परत आले. आल्यापासून ते वर्गात एक प्रश्न विचारायचे आणि डावा कान चोळत नुसते बसायचे. "तिथले मास्तर थांबतात हो," एवढंच मला सांगायचे. मी त्यांचा सहायक. मला त्यांची काळजीच वाटू लागली.

मग तपासणीला डिपोटी साहेब आले. शाळेची मान्यता त्यांच्या शेऱ्यावर होती. त्या दिवशीही हेडमास्तरांनी विचारलं, "आपला हाऊ नाला कथाईन येस?" आपला नाला कुठून येतो, हे वर्गात चक्क अहिराणीत! साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हेडमास्तर डावा कान चोळत बसले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी, कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी उठली.

"गुरुजी, तुमले ठाऊक नही का?"

"नही, माय."

"मंग चला ना दखाले."

त्यांनी टोपी घातली आणि सगळा वर्ग घेऊन ते नाल्याच्या काठानं चालू लागले. रिकाम्या वर्गात साहेब आणि मी उरलो.

"मास्तर, आता मी शेरा काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

मी दारातून नाल्याकडे बोट दाखवलं.