मधोमध येणारा काटा

चौदा नोव्हेंबर. बाबांच्या जुन्या मोटरसायकलचे काढलेले, इंजिनात ठिणगी पाडणारे पॉइंट्स मी रॉकेलने पुसून डब्यात ठेवत होते. त्यांच्या जागी मेकॅनिकने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं होतं, चार्जिंगही नवं. हट्ट माझाच. पूर्वी किक हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या चार्जिंग-मीटरचा काटा मधोमध आणायचा, मग इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर ओढून सोडायचा, आणि मगच जोराची किक. हल्ली बाबा हा क्रम विसरत. अंगणात घामाघूम होऊन किका मारत राहत. मला ते बघवेना.

आता गाडी पहिल्याच किकला सुरू होते. आदल्या दिवशी बाबा कोपऱ्यावरून दूध आणायला गेले, ते दुपारी घाटाखालच्या चहाच्या टपरीवर सापडले.

"अगं, काय सुरेख पळते!"

"आणि दूध?"

"कुठलं दूध?"

डब्याचं झाकण लावताना लक्षात आलं, की काटा मधोमध आणायचं आठवेल त्याच दिवशी बाबा रस्त्यावर जात होते. नाही आठवलं, तर गाडीच त्यांना घरी ठेवत होती. मी जिला खोड समजले, ती राखण होती. पॉइंट्स परत बसवावेत, तर अंगणातला तो घाम पुन्हा येणारच. माणसाची कुठली अडचण दूर करावी आणि कुठली राहू द्यावी, हे कोणता मेकॅनिक सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी किक मारली, तेव्हा मी हेल्मेट घालून मागे बसले.

"तू कुठे निघालीस?"

"दूध आणायला."

फाटकापाशी ते थांबले. दोन्हीकडे बघत राहिले.

"डावीकडे, बाबा," मी म्हटलं.