काकूंचं उघडं दार

आमच्या समोरच्या काकूंचं दार दिवसभर सताड उघडं असतं. आमच्या कामथडी गावात उन्हाळ्यात घरावरचा पत्रा असा तापतो, की पुण्यातल्या मुलानं चार दुकानं पालथी घालून त्यांना कमी वीज खाणारा फाइव्ह स्टारवाला एसी आणून बसवला. खोली किती गार झाली, ते त्याला तिकडे मोबाईलवर दिसतं. त्यामुळे दुपारी हटकून फोन येतो.

"आई, दार परत उघडंच ठेवलंयस ना?"

"लावलंय की," दारातच लसूण सोलत बसलेल्या काकू बेधडक सांगतात आणि मला डोळ्यांनीच गप्प करतात. मग फोन ठेवून म्हणतात, "दिवसाढवळ्या दार लावलं तर आलेलं माणूस माघारी जातं. ईज वाचवायची आन् माणसं तोडायची व्हय?"

पण एवढा पारखून घेतलेला एसी अंगण गार करतोय, याची मलाच हळहळ वाटते.

वैशाखात सून तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताक मागायला निघालो, तर काकूंचं दार बंद. मी रस्त्यातूनच माघारी वळलो.

"भाऊ, का चाललासा?"

काकू अंगणातल्या जांभळीखाली बसल्या होत्या. घामानं थबथबल्या होत्या. शेजारी पाण्याचा तांब्या होता, ताकाची बरणी होती आणि पाहुण्यासाठी एक रिकामी खुर्ची.

"बाळ निजलंय गारव्यात," त्या म्हणाल्या. "दार लागल्यालं बघून कुणी परत जाईल, म्हणून म्या हितं बसले. टेका की."