कुंकवासकट बाप्तिस्मा

नेकनूरजवळच्या वस्तीवरची बबिता मागल्या साली ऊसतोडीला गेली आणि फडातच तापानं फणफणली. शेजारच्या कोपीतली, पाचटाच्या झोपडीतली, एक बाई रोज उशाशी बसून येशूची प्रार्थना करायची. ताप उतरला, पण येशू बबिताच्या मनात राहिला. नवरा रामेश्वर म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना, मग कर प्रार्थना."

यंदा सासूचा, छबुबाईचा, उजवा हात मोडला म्हणून बबिता घरी थांबली. रामेश्वर भावासंगं तोडीला गेला. रविवारी पाझर तलावावर बाप्तिस्मा ठरला. आदल्या दिवशी बाप्तिस्मा देणारे धर्मराज पास्टर घरी आले.

"ताई, पाण्यात उतरताना कपाळ मोकळं पायजे. बांगड्याबी काढा. जुनं समदं सोडायचं."

बबिताचा हात कपाळाकडं गेला. नवरा जिता असताना कपाळ पुसायचं? तिकडं त्याला काही झालं तर? आणि न पुसावं तर देव कोपायचा.

दुसऱ्या दिवशी ती कंबरभर पाण्यात उभी राहिली. "पास्टर, माझ्याच्यानं कुंकू पुसवत न्हाई. तुमच्या आईनं बाप्तिस्म्याला पुसलं होतं का?"

"बाप गेला तवाच पुसलं," धर्मराज हळूच बोलले. चर्चच्या वरच्या लोकांना कळलं तर काय, ही धास्ती त्यांच्याही तोंडावर दिसत होती. तरी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चला, तशाच."

त्यांनी बुडवलं नि बबिता पाण्यातून वर आली ती कपाळ चाचपतच. कुंकू वाहून गेलं होतं. ती रडत, धडपडत काठावर आली. छबुबाई येशूला मानत नव्हती, पण सुनेमागं आली होती. तिनं डाव्या हातानं आपल्याच कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं नि बबिताला लावलं.

"कावून रडतीस? बरा हाय माझा पोरगा."

पण रामेश्वरचा फोन दिवसभर लागला नाही. बबिता उंबऱ्यावर बसून राहिली. हात जोडायची नि पुन्हा फोन लावायची. सकाळी त्याचाच फोन आला. फडात चार्जिंग नव्हतं म्हणे.

"झाला का बाप्तिस्मा?"

"तुमी बरे हाव ना?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.

आता रविवारी तिच्या अंगणात बाया कुंकू लावून, टाळ घेऊन येशूची भजनं म्हणतात. वाटेवर गाडी वाजली की चर्चचं वरचं कोणी आलं की काय म्हणून धर्मराज मधेच थांबतात. आणि बबिता आधी रामेश्वरला फोन लावते, मगच डोळे मिटते.