आबांचा चुकलेला झरा

विहिरीला पाणी लागेपर्यंत आबा दाढी करत नसत. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, आमच्या पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे. कुठं खणायचं ते दाखवलं, की त्या दिवसापासून न्हाव्याला रजा. विहिरीचं काम कुठवर आलंय ते लोक त्यांच्या दाढीवरून ओळखत. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा ती चांगली वाढली होती. मला वाटलं, ओसरीवर कुणी बैरागी उतरलाय. मी वाकून नमस्कार केला आणि सूपभर शिधा आणून पुढ्यात ठेवला. आबा मोठ्यानं हसले. "सूनबाई, सासऱ्यालाच भिक्षा घालतीस व्हय गं?"

"पानी माज्याशी खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुणी "आबा, नक्की लागंल नव्हं?" असं विचारलं की पायताण घालून सरळ चालू पडायचे, आणि तो माणूस गयावया करत मागं धावायचा. खरं सांगते, मला त्यांचा हा ताठा फार आवडायचा.

माझं माहेर खालचं गाव, सासर वरचं. मधे एक ओढा. पण तेव्हा वरचं गाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं आणि खालचं सांगली संस्थानात. लग्नं जमत, वैरण उसनी मिळे, सगळं ओढ्यावरून सुखानं चाले. फक्त भांडण झालं, तर कुणाच्या दारात जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात आमच्या गावविहिरीनं तळ गाठला. आबांनी तळाचा उगवतीकडचा कोपरा दाखवला, तिथं सुरुंग लावला आणि पाणी उसळून वर आलं. उसाला मोटा सुरू झाल्या. चौथ्या दिवशी न्हावी आला. दोन्ही गावांना तोच एक न्हावी. एक गाल उरकून वस्तरा पुसता पुसता तो म्हणाला, "आबा, तुमच्याकडं पानी आलं, आन् खालच्या हिरीच्या सात पायऱ्या उघड्या पडल्या."

आबा तसेच उठले आणि अर्धी दाढी घेऊन ओढा ओलांडून गेले. खालची विहीरही तरुणपणी त्यांनीच दाखवलेली होती.

पुढं व्हायचं ते झालं. खालच्यांनी येऊन आमच्या मोटा फाडल्या, आमच्या लोकांनी त्यांचे बैल कोंडवाड्यात घातले. चैत्रातल्या जत्रेला मला न्यायला भाऊ आला नाही. माझी आई सात पायऱ्या जास्त उतरून घागर भरत होती आणि मी इथं तिच्याच वाटचं पाणी शेंदत होते. सासऱ्यांना काय बोलणार? मी भाकरी आपटत होते. एक दिवस आबा चुलीपाशी आले.

"भाकरीवर राग काढू नगंस. चूक माजी हाय. मी नवा झरा न्हाई काढला, त्येंचाच फोडला."

"मग चावडीवर सांगा की!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मीच घाबरले.

आबांनी सांगितलं. साऱ्या जन्माची पत त्या एका वाक्यात पणाला लागली होती, तरी आवाज हलला नाही. पण आमच्या गावचा कारभारी मोठा हटवादी. "आबा, तुमी आता थकलायसा," म्हणाला. "आमच्या हिरीतलं पानी आमचंच."

"माजं नगा ऐकू. पान्याचं ऐका," आबा म्हणाले. त्यांनी दोन्ही गावांतले चौघे चौघे निवडले आणि आमचे खालच्या विहिरीवर, खालचे आमच्या विहिरीवर बसवले. "ज्याला पटत न्हाई, त्यालाच बघाय बसवायचं रं."

सकाळी आमच्या विहिरीवर चार मोटा जोडल्या. तिकडं खालच्या विहिरीच्या पायरीवर आमचा कारभारी पाण्यात पाय सोडून, विडी ओढत बसला होता. दुपारी त्याचे पाय कोरडे पडले. मोटा थांबवल्या, आणि दिवस मावळायच्या आत पाणी पुन्हा घोट्याला लागलं. दुसऱ्या दिवशी खाली मोटा चालवल्या, तर वर तेच. कारभारी चावडीवर आला आणि पागोटं काढून म्हणाला, "व्हय गड्यानु, झरा एकच हाय."

एक दिवस मोट वर, एक दिवस खाली, असं ठरलं. बैल सुटले. आबा स्वतः तळात उतरले आणि फोडलेल्या झऱ्याचं तोंड दगड-चुन्यानं निम्मं बांधून आले. "फोडाय मी सांगितलं, मग बांधाय दुसरा कशाला?" त्या आठवड्यात माझा भाऊ मला न्यायला आला. आबांचं बोलावणं कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं, उलट ते वाढलं. फक्त आता ते जागा दाखवायच्या आधी विचारत, "शेजारी कुनाची हीर हाय?" मी आजही घरात कुणी काही नवं काढलं की हेच विचारते, आणि मुलं हसतात.

दोन्ही गावं एका सरकारात आली, त्या वर्षी आबा गेले. शेवटच्या आंघोळीला आमच्या विहिरीची घागर आणली, तेवढ्यात खालची माणसं त्यांची घागर घेऊन दारात उभी राहिली. कारभारी पुढं झाला. "आमचा मानूस. आमच्या पान्यानं आंघोळ."

"आवं, आमच्यापायी त्येनं नाव पणाला लावलं," खालचा म्हातारा म्हणाला. "आमचंच पानी घालायचं."

दोघं हटेनात. आवाज चढले. आबा अंगणात पाटावर, आणि यांचं हे! मी पदर सावरून पुढं झाले. पुरुषांत बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

"दोन्ही घागरींत येकच पानी हाय," मी म्हटलं. "ते पटवून द्यायला आता आबा उठायचे न्हाईत."

कारभाऱ्यानं आणि त्या म्हाताऱ्यानं मिळून दोन्ही घागरी एकाच घंगाळात ओतल्या.