वहीबाईंची पडताळणी

वहीबाई आणि सलूनवाले काका यांची पहिली भेट म्हणजे दोन साम्राज्यांची टक्कर होती. दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या खोलीत बाईंनी कंगव्याचं चित्र समोर धरून विचारलं, "हे काय?" अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांच्या शब्दांचा पार काला झाला होता. त्यांनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंच्या वाकड्या भांगाकडे मात्र फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशासारखं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तिरपं गोंदाळ! पाकुळ्या कुठे मढवल्या?" काकांना चाचणीत शून्य गुण मिळाले आणि बाईंना आठवडाभर आरशात बघवेना.

शून्य गुण मिळाले की दवाखान्याची समिती पुढचे उपचार मंजूर करत नसे. बाई हट्टाला पेटल्या. माणसाचं बोलणं त्याच्या रोजच्या जागी ऐकावं, म्हणत त्यांनी वही आणि रेकॉर्डर घेऊन सलूनच्या बाकावर ठाण मांडलं. काकांची शिंकसुद्धा वेळेसकट वहीत.

तीन आठवड्यांत त्यांना भलतंच दिसलं. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती फडकं बांधत काका गोष्ट सुरू करायचे. एक शब्द धड नसायचा, पण सूर, हातवारे, थांबणं सगळं जागच्या जागी. गिऱ्हाईक नेमकं हवं तिथेच हसायचं.

"तुम्हाला कळतं तरी का हो काही?" बाईंनी विचारलं.

"शब्द कशाला कळायला हवेत?" अर्धी दाढी झालेला पोस्टमन म्हणाला. "बायकोचे सगळे कळतात, उपयोग काय?"

अहवाल चाळीस पानांचा झाला. आता एकच पायरी उरली: ज्याच्याविषयी लिहिलं, त्यालाच ते दाखवून बरोबर आहे ना, विचारायचं. बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, काकूंना शेजारी, आणि मोठ्या कौतुकाने रेकॉर्डर चालू केला.

काका आधी हसले. मग मान कलती करून ऐकू लागले. मग रेकॉर्डरकडे बोट करून त्यांनी काकूंकडे पाहिलं. हा कोण?

"अहो, तुम्हीच की," काकू म्हणाल्या.

आपण नीट बोलतो, असंच काकांना इतके दिवस वाटत होतं. हे चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

त्यांनी रेकॉर्डर हळूच उपडा ठेवला. तो बंद कसा करतात, त्यांना ठाऊक नव्हतं. आतून ते बोलतच राहिले आणि पोस्टमन हसतच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून काका मुकाट्याने केस कापू लागले. बाई रोज येऊन बसायच्या. वहीत वेळ लिहायच्या, पुढे काही नाही.

"बाई, आता नका येऊ," काकू एकदा दारातच म्हणाल्या. "तुम्ही दिसलात की त्यांचा वस्तरा थांबतो."

दवाखान्याच्या समितीला अहवाल फार आवडला. काकांना आणखी सहा महिन्यांचे उपचार मंजूर झाले. ते एकदाही आले नाहीत.