वाघाचा रकाना

न्याहारीच्या आधी एक अख्खं जग घडवून ते मोडूनही टाकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आमचे जवाई. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सिंदेवाहीकडे जंगलाला लागून असलेल्या गावात त्यांचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर त्यांनी नागपूरहून जुना आणला आणि त्यात आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेला होता. खेळण्याआधी त्यात आपलं जग ठरवायचं असतं : डोंगर किती, पाऊस किती, त्या खेळातल्या बुटक्या माणसांची राज्यं किती, हिंस्र जनावरं किती. मग कॉम्प्युटर त्या जगाचा दोन-तीनशे वर्षांचा इतिहास भराभर रचतो. कोण जन्मलं, कोण कशानं मेलं, सगळं नावानिशी लिहितो. खरा खेळ म्हणे त्यानंतर सुरू होतो. जवाई तिथवर कधी पोचलेच नाहीत.

त्यात 'सीड' नावाचा एक रकाना आहे. कोणताही आकडा टाका, नवं जग निघतं. पण जवाई पडले धानवाले! त्यांनी सीड म्हणजे बियाणं धरलं आणि एकरी वीस किलोच्या हिशेबानं वीस लिहिलं. डोंगर उगवले. मी समजावायला गेलो, तर मलाच म्हणाले, "कोणताबी आकडा चालते म्हनून काईबी पेराचं काय, भाऊ?" पाऊस ते धानाच्या रोवण्याच्या बेतानं लावत. बुटक्यांचं राज्य तलावापासून लांब पडलं की जग रद्द. दाखल्यासाठी आलेली माणसं बाकावर ताटकळत आणि हे त्यांना सांगत, "थांबा जी, दोनशे वर्षं होऊ द्या, मंग तुमचंच काम." बहीण वैतागून म्हणे, "दादा, घरचा नळ गळून राह्यला, अन् हे तिकडं नद्या वळवून राह्यले!"

एका रकान्यापाशी मात्र जवाई अडून बसत. हिंस्र जनावरांच्या. माझी बहीण उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला जंगलात जाते. मागच्या साली शेजारच्या गावची एक बाई अशीच गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून जवाई प्रत्येक जगाचा इतिहास उघडून एकच गोष्ट शोधत : जनावरानं बाई मारली का? एक जरी सापडली, की जग पुसलं.

"अहो, मग जनावरं शून्य करा ना," मी एकदा म्हणालो. ते दुखावलेच. "वाघ नाई तं जंगल काहाचं, भाऊ? वाघबी पाहिजे, अन् बाईबी घरी आली पाहिजे. कुठीतरी असा आकडा असनच."

या चैत्रात मी तिथंच होतो. बहीण मोहाला गेली होती. एकाएकी दुकानातून हाक आली, "भाऊ, जमलं!" तीनशे वर्षं, आणि एकही बाई गेली नव्हती. मला खरंच भरून आलं. मी पेढे आणायला उठलो, तोवर पुढचं वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. चाळिसाव्या वर्षीच शेवटचा वाघ मेला होता. त्यांनी ते जगही पुसलं. मी चिडलो, "खोटं का होईना, एखादं तरी राहू द्यायचं होतं की हो!"

"तो आकडाच नाई सापडत मले," ते एवढंच म्हणाले.

तेवढ्यात बहीण आली. डोक्यावरचं टोपलं उतरवता उतरवता सहज म्हणाली, "आज झाडाखालीच वाघाचा पंजा उमटलेला दिसला. ताजा होता." जवाईंनी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. पहाटे जवाईही बहिणीबरोबर मोहाला गेले. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतो, असं आमच्याकडे सांगतात. दोघं उन्हं चढल्यावर परतली. बहिणीला हसू आवरत नव्हतं. "दादा, एक फूल वेचलं नाई यायनं! मी वाकली का हे माह्या मागं काठी घेऊन ताठ उभे. हलतबी नाई!"

जवाई ओसरीवर पोटऱ्या चोळत बसले होते. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही. मोह अजून पंधरा दिवस पडणार होता.