दाबून मोजायचं की न दाबता

प्रतिभा माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती सातवीच्या वर्गात. वहीच्या एका पानाची जाडी काढायला मी सांगितलं होतं. शंभर पानं मोजा, पट्टी लावा, भागाकार करा. सगळा वर्ग भागाकाराला लागला आणि दुसऱ्या बाकावरची एक शांत मुलगी उभी राहिली.

"सर, वही दाबून मोजायची की न दाबता?"

वीस वर्षं मी तो धडा शिकवत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "दोन्ही करून बघ," म्हणालो. तिनं दोन उत्तरं लिहिली आणि प्रत्येकापुढं ते कशाचं आहे तेही लिहिलं.

आज ती एकतीस वर्षांची आहे. नाशिक रोडहून सिन्नरकडे जाताना पळशाजवळ तिच्या वडिलांची, कोंडाजींची, फुलशेती आहे. शेवंती निवडायच्या शेडचा अर्धा भाग तिनं मागून घेतला आणि आयटीआयच्या शिक्षणावर तिथं गॅरेज टाकलं. मातीच्या मैदानावर डर्ट बाइक पळवणारी मुलं तिच्याकडे यायची, पण टायर, चेन, क्लचची केबल एवढ्यापुरतीच. इंजिन उघडायचं म्हटलं की गाडी टेम्पोत घालून पुण्याला न्यायची. सुरगाण्याचा लखन हा पहिला, ज्यानं आपली जुनी टू-स्ट्रोक गाडी तिच्या हवाली केली आणि रविवारच्या शर्यतीला उभी करून दे म्हणाला.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "सर, तुमचं स्क्रू गेज आहे ना अजून? माझं व्हर्नियर सकाळी पडलं. उद्या हे इंजिन सगळ्यांसमोर अडकलं ना, तर मी जन्मभर केबल बदलत बसेन."

मी चहा तसाच ठेवला, स्क्रू गेज खिशात टाकलं आणि रिक्षा पकडली.

शेडच्या दाराशीच कोंडाजी भेटले. "या गुरुजी. तुमच्या विद्यार्थिनीनं शेवंतीला ऑइलचा वास लावलाय. देव काय म्हणंल?"

"देवाकडे पण गाडी असेल, दादा," आतून प्रतिभा म्हणाली.

टेबलावर इंजिन होतं. पिस्टन ज्यात वरखाली होतो तो ब्लॉक, त्याच्याखाली इंजिनाचा तळ म्हणजे चेंबर आणि दोन्हींच्या मध्ये बसणारं कागदासारखं पातळ पॅकिंग. मागवलेल्या संचात अशी तीन पॅकिंगं आली होती. सगळ्यात पातळ पॉइंट दोन मिलिमीटरचं, मग पॉइंट तीन आणि पॉइंट पाच.

"एवढ्याशा फरकानं काय होतं?" मी विचारलं.

"पातळ घातलं की ब्लॉक खाली बसतो. पिस्टन वर येतो तेव्हा वरच्या झाकणापासून, म्हणजे हेडपासून, फट कमी राहते, गाडी वळणातून जोरात निघते. पण फट फार कमी झाली तर पिस्टन हेडला धडकतो. या इंजिनाला एक मिलिमीटरच्या खाली जायचं नाही."

"ताई, पातळच घाल," टेबलाशी उभा असलेला लखन म्हणाला. "मला लय ओढ पायजे. जाड पॅकिंग म्हाताऱ्यांच्या गाडीला."

"म्हातारे समोर बसलेत," ती म्हणाली. लखननं जीभ चावली.

पातळ पॅकिंग घालून तिनं नट आवळले. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत सरकवली आणि इंजिन हातानं एक फेरा फिरवलं. पिस्टननं तार हेडवर दाबली. जेवढी ती चपटी होऊन निघाली तेवढी फट. तार माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "सर, तुम्ही वाचा."

मी ती स्क्रू गेजमध्ये धरली. "एक पूर्णांक शून्य पाच."

लखननं शिट्टी मारली. "झालं! बसवून टाक!"

प्रतिभाचा हात पान्याकडे गेलाही होता. मला राहवेना. "एकच वाचन घेतलंस? मी असं शिकवलं होतं?"

ती थबकली. मग दुसरी तार घेतली आणि त्याच भोकातून समोरच्या कडेला सरकवली. मी वाचलं. पुन्हा वाचलं. शून्य पूर्णांक पंच्याऐंशी.

"ब्लॉक तिरका बसलाय," ती पुटपुटली. पाच मिनिटांत ब्लॉक काढून तिनं त्याच्या तळावर बोट फिरवलं. एका कडेला जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता, धातूच्याच रंगाचा. ब्लेडनं तो खरवडताना तिचे कान लाल झाले होते. पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंना पंच्याऐंशी आलं.

"म्हणजे पॉइंट तीननं पंच्याण्णव. नाही चालणार. पॉइंट पाचनं एक पूर्णांक पंधरा." तिनं जाड पॅकिंग उचललं.

"ताई, ओढ जाईल!"

"वळणात थोडी जाईल. पण ब्लॉक वर उचलला की धूर बाहेर पडायची वाट आधी उघडते, सरळ रस्त्यावर जास्त पळेल. आणि शेवटपर्यंत पळेल."

जाड पॅकिंग घालून नट आवळल्यावर तिनं तिसऱ्यांदा तार घातली. "हे दाबलं गेल्यावर किती राहतं तेही बघायला हवं ना, सर," म्हणाली. एक पूर्णांक बारा. दोन्ही बाजूंना.

रविवारी मैदानावर धुळीचा लोट उठला आणि मी खुर्चीवरून उठलो तो परत बसलोच नाही. वळणावळणाला लखन मागे पडत होता. सरळ पट्टा आला की ती गाडी अशी सुटायची की मी आणि कोंडाजी एकमेकांचे दंड धरून ओरडायचो. प्रतिभा तिकडे बघतच नव्हती. मान खाली घालून ती फक्त आवाज ऐकत होती. अठरा गाड्यांत लखन चौथा आला. गाडी थांबवून त्यानं हेल्मेट काढलं आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, अजून दोन फेऱ्या असत्या ना!"

प्रतिभानं फक्त एकदा किक मारून आवाज ऐकला आणि हसली.

सध्या तिच्या टेबलावर दोन इंजिनं उघडी आहेत, एक सिन्नरचं आणि एक संगमनेरचं. शेवंतीचे क्रेट कोंडाजींनी शेडमधून घराच्या ओट्यावर हलवले आहेत.